कैरोमध्ये परवडणारी बिअर कुठे प्यावी? (डाउनटाऊनचे जुने बार, दुकानं, बिलं, रमजान)

नाईलकाठ

इजिप्तवर इथे धागे भरपूर आहेत, पण सगळे पिरॅमिड, लक्झर आणि क्रूझभोवती फिरतात. संध्याकाळी कैरोत निवांत बसून एक थंड बिअर घ्यायची तर कुठे जायचं, याला "हॉटेलात मिळते की" एवढंच उत्तर येतं. मिळते, पण मोठ्या हॉटेलात त्याच बाटलीला साध्या बारच्या दोन-तीन पट पैसे जातात. वर तिथून शहर दिसत नाही ते वेगळंच.

स्वस्तात प्यायची जागा म्हणजे डाउनटाऊन, स्थानिक लोक ज्याला 'वुस्त-एल-बलद' म्हणतात तो भाग. तहरीर चौक, तलाअत हर्ब चौक, बाब-एल-लूक आणि २६ जुलै रस्ता यांच्या मधला पट्टा. इथले जुने बार 'बलदी बार' म्हणून ओळखले जातात: साधी लाकडी किंवा फॉर्मायकाची टेबलं, पिवळा उजेड, मेन्यूकार्ड नाही, आणि पेय बहुतेक एकच, स्टेला. ही स्टेला इजिप्तची स्वतःची. बेल्जियमच्या स्टेला आर्त्वाशी तिचा संबंध नाही. १८९७ मध्ये अलेक्झांड्रियात बेल्जियन भांडवलावर ब्रुअरी निघाली, तिथून हा धंदा सुरू झाला. १९६३ मध्ये राष्ट्रीयीकरण, १९९७ मध्ये खासगीकरण, आणि २००२ पासून अल अहराम बेव्हरेजेस ही कंपनी हायनेकेनकडे आहे.

सुरुवात कुठून करावी तर हुर्रिया. बाब-एल-लूकच्या फलकी चौकात, १९३६ पासून. उंच छत, पंखे, भिंतीवर जुने जाहिरातीचे आरसे. एका भागात चहा आणि बुद्धिबळ, दुसऱ्या भागात बिअर. बुद्धिबळाच्या टेबलांवर बिअर देत नाहीत, त्यामुळे आत गेल्यावर वेटरला "बीरा" म्हणा, तो बसवेल तिथे बसा. जेवण मिळत नाही. मेट्रोच्या दोन नंबर लाइनवरचं मोहम्मद नगीब स्टेशन सगळ्यात जवळ.

---

तिर्मिस_खाणारा

छान धागा. हुर्रियाबद्दल एक महत्त्वाची भर. तिथे बाटली संपत आली की वेटर न विचारता पुढची उघडून ठेवतो. फसवण्याचा हेतू नसतो, पद्धतच तशी आहे. थांबायचं असेल तर बाटलीत तळाशी थोडी बिअर असतानाच हात छातीवर ठेवून "खलास, शुक्रन" म्हणा. बाटली पूर्ण रिकामी करून मग सांगायला गेलात तर तोवर झाकण उडालेलं असतं, आणि उघडलेल्या बाटलीचे पैसे द्यावेच लागतात.

रिकाम्या बाटल्या शक्यतो टेबलावरच राहू द्या. बलदी बारमध्ये हिशेब बहुतेक वेळा रिकाम्या बाटल्या मोजून होतो. त्या उचलून नेल्या की तुमचा आकडा आणि त्यांचा आकडा यांत फरक पडायला जागा राहते.

चकणा म्हणून तिर्मिस येतं. पिवळ्या रंगाचं चपटं कडधान्य, मिठाच्या पाण्यात भिजवलेलं. साल जाड असते. दाताने टोकाला चीर पाडायची, बोटांनी दाबायचं, दाणा आपोआप तोंडात येतो, साल बशीत. नवखे लोक सालासकट चावतात आणि मग कडवट लागतं म्हणतात. तिर्मिस सहसा फुकट असतं. काकडी, गाजर, चीज अशा बशा आल्या तर त्या बिलात धरल्या जाऊ शकतात. न मागता आली तर लगेच "दा ब-बलाश?" (हे फुकट आहे का?) विचारा. नको असेल तर हात न लावता परत करा.

---

शिरीष_दोक्की

नाईलकाठ यांच्या यादीत आणखी काही नावं घालतो. सगळी चालत जाण्याजोग्या अंतरात आहेत.

कॅप दोर: अब्देल खालेक थरवत रस्त्यावर. लांबलचक लाकडी काउंटर, छोटी जागा, गर्दी पुरुषांची. बिअरच्या किमतीत हुर्रियाच्या आसपासच.

स्टेला बार: तलाअत हर्ब आणि हुदा शाअरावी रस्त्यांच्या कोपऱ्यावर. एवढा लहान की दोनदा समोरून गेलात तरी दिसणार नाही. चार-पाच जणांचा घोळका घेऊन इथे जाऊ नका, जागाच नसते.

ग्रीक क्लब: तलाअत हर्ब चौकात, जुन्या ग्रोप्पी कॅफेच्या वरच्या मजल्यावर. प्रवेश चौकातून नाही, महमूद बसयूनी रस्त्याच्या बाजूने जिना आहे. दारात थोडी प्रवेश फी घेतात. उन्हाळ्यात गच्ची उघडी असते. बलदी बारपेक्षा थोडं महाग, पण जेवण मिळतं आणि बसायला मोकळं.

एस्तोरिल: तलाअत हर्ब आणि कस्र-एल-नील या रस्त्यांना जोडणाऱ्या बोळात. हे रेस्टॉरंट आहे, त्यामुळे बिलावर कर लागतो. त्याचं वेगळं लिहायला हवं.

ओडियन पॅलेस हॉटेलची गच्ची: उशिरापर्यंत बसण्याची जागा म्हणून प्रसिद्ध. बाकीचे बार आवरायला लागले की लोक तिकडे जातात.

कॅफे रीश (१९०८) इतिहासासाठी एकदा जरूर जा, पण 'स्वस्त' या शीर्षकाखाली ते बसत नाही.

---

हिशेबनीस

कराचं मी लिहितो, कारण इथेच सगळ्यांचं बजेट कोसळतं.

पर्यटन परवाना असलेल्या रेस्टॉरंटच्या आणि हॉटेलच्या मेन्यूत छापलेली किंमत बऱ्याचदा अंतिम नसते. तिच्यावर १२ टक्के सर्व्हिस आणि १४ टक्के व्हॅट. व्हॅट सर्व्हिस धरून झालेल्या रकमेवर लागतो. म्हणजे मेन्यूत १०० पाउंड असेल तर आधी ११२, मग त्यावर १४ टक्के म्हणजे १५.६८, एकूण १२७.६८. सरळ सव्वापटीपेक्षा थोडं जास्त धरून चाला. त्यातली सर्व्हिस वेटरच्या हातात पूर्ण पडेलच असं नाही, म्हणून लोक वर थोडे सुटे ठेवतात.

दुसरा सापळा 'मिनिमम चार्ज'. झमालेक बेटावरच्या आणि नाईलकाठच्या कित्येक जागी माणशी ठरावीक रकमेचं खाणं-पिणं करावंच लागतं. एक बिअर पिऊन उठलात तरी पूर्ण रक्कम. बसण्याआधी दारातच "मिनिमम चार्ज?" विचारायचं. हा शब्द तिथे सगळ्यांना कळतो.

बलदी बारमध्ये यातलं काही नाही. सांगितलेला भाव तोच भाव. पण कार्ड चालेल हे गृहीत धरू नका, रोखच न्या. एटीएममधून २०० च्या नोटा येतात, त्या दिवसा एखाद्या सुपरमार्केटमध्ये मोडून घ्या. १० आणि २० च्या नोटा संध्याकाळी सोन्यासारख्या असतात: टिप, स्वच्छतागृहातला माणूस, टॅक्सी.

आणि इंटरनेटवरचे जुने भाव वाचून जाऊ नका. मार्च २०२४ मध्ये इजिप्शियन पाउंड मोकळा सोडला तेव्हा डॉलरचा भाव एका दिवसात सुमारे ३१ वरून ५० च्या जवळ गेला. त्याआधीच्या ब्लॉगांतले आकडे निरुपयोगी आहेत. प्रमाण मात्र साधारण टिकून आहे: दुकानातली अर्ध्या लिटरची स्टेला एक धरली तर बलदी बारमध्ये दीड ते दोन, आणि पंचतारांकित हॉटेलात चार-पाच.

---

मीनल_प्रवासी

खूप उपयोगी माहिती. दोन प्रश्न. आमच्या ग्रुप टूरचं हॉटेल गिझाला पिरॅमिडजवळ आहे, तिथून डाउनटाऊनला कसं यावं? आणि बाईमाणसांना या बारमध्ये बसता येतं का?

---

नाईलकाठ

मीनलताई, पिरॅमिडजवळची बरीच छोटी गेस्टहाउसं दारू ठेवत नाहीत, त्यामुळे तुम्हाला बाहेर पडावंच लागेल. मेट्रोची दोन नंबर लाइन गिझा स्टेशनवरून जाते, पण पिरॅमिडपासून ते स्टेशनही बरंच लांब आहे. तिथवर उबर करा, मग मेट्रोने दोक्की, ओपेरा, सादात आणि पुढचं मोहम्मद नगीब. चौघं असाल तर थेट उबर सोपं पडतं. पाच-सहाच्या सुमारास पिरॅमिडकडे जाणारा हरम रस्ता प्रचंड तुंबतो, त्या वेळेला मेट्रोच बरी. मेट्रोचे मधले डबे बायकांसाठी राखीव असतात, फलाटावर तशी खूण असते. रात्री परतताना मेट्रोच्या भरवशावर राहू नका, मध्यरात्रीच्या सुमारास गाड्या थांबतात.

---

रोहिणी_मआदी

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते. कॅप दोर आणि स्टेला बार हे पुरुषांचे अड्डे आहेत. कुणी हटकणार नाही, पण नजरा वळतात आणि स्वच्छतागृहाची सोय बायकांना वापरण्यासारखी असेलच असं नाही. हुर्रियात बायका बसतात. विद्यार्थी, पत्रकार, परदेशी लोक असा मिश्र घोळका असतो. ग्रीक क्लब आणि एस्तोरिल सगळ्यात निर्धास्त. एकटीने जायचं असेल तर या दोनपैकी एक निवडा, आणि भिंतीकडच्या टेबलावर बसा. दाराजवळच्या टेबलाला रस्त्यावरचे टिश्यू आणि शेंगदाणे विकणारे सारखे येत राहतात.

झमालेक बेट बायकांना जास्त सोयीचं. तिथले पब इंग्रजी वळणाचे, भाव डाउनटाऊनपेक्षा वरचे. परवडणारं ठिकाण या दृष्टीने मी त्यांना दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

एक सावधगिरी सगळ्यांसाठी: तलाअत हर्बवर कुणी आपणहून गप्पा मारत "चांगला बार दाखवतो" म्हणाला तर जाऊ नका. ही माणसं अल्फी रस्त्याच्या आजूबाजूच्या किंवा हरम रस्त्यावरच्या कॅबरेत नेतात. तिथे टेबलावर फळांची ताटं, शेंगदाणे, कुणाकुणाची पेयं न मागता येतात आणि शेवटी बिल तुमच्या नावावर. बार स्वतः शोधा, नकाशावर आधी खूण करून ठेवा.

---

पुणेकर_इन_गल्फ

हॉटेलच्या खोलीतच प्यायची असेल तर दुकानं आहेत का? आणि व्हिस्की स्वस्त मिळते का?

---

शिरीष_दोक्की

दुकानं आहेत. 'ड्रिंकीज' ही अल अहरामचीच साखळी. डाउनटाऊन, झमालेक, मआदी अशा सगळ्या मोठ्या भागांत शाखा आहेत, ॲपवरून घरपोचही मिळते. दुकानात सगळ्यात स्वस्त भावात स्टेला, साकारा, मायस्टर, हायनेकेन या बिअर आणि जिआनाक्लिसची वाइन. जिआनाक्लिसची द्राक्षबाग १८८२ ची, अलेक्झांड्रियाच्या दक्षिणेला. 'ओमर खय्याम' ही त्यांची लाल वाइन बजेटमध्ये बसते. बाटली उघडल्यावर पंधरा-वीस मिनिटं तशीच ठेवा, मग प्या.

डब्यांवरचे आकडे वाचून घ्या. स्टेला साधारण साडेचार टक्के, साकारा गोल्ड चार. मायस्टर मॅक्स आठ, आणि साकारा किंग दहा टक्के. डबे दिसायला सारखेच. दिवसभर उन्हात वाळवंट फिरून आल्यावर रिकाम्या पोटी साकारा किंगचे दोन डबे म्हणजे दुसऱ्या दिवसाची सहल गेलीच समजा. उलट बाजूने, फैरूझ आणि बिरेल यांत अल्कोहोल नसतं. फ्रीजमध्ये बिअरशेजारीच असतात आणि लोक चुकून घेऊन येतात.

दुकानदार काळ्या पिशवीत बांधून देतो. ती पिशवी रस्त्यात उघडू नका. मेट्रो स्टेशनवर सामान यंत्रातून तपासतात, म्हणून बाटल्या घेऊन मेट्रोत शिरण्यापेक्षा चालत किंवा टॅक्सीने जा. आयात व्हिस्कीवर कर इतका आहे की स्वस्त हा शब्द विसरा.

---

वैद्य_परळ

व्हिस्कीच्या प्रश्नावर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे पैसे वाचवणं जिवावर बेतू शकतं.

आयात दारू महाग असल्यामुळे नकली माल फिरतो. ओळखीच्या ब्रँडचं नाव एका अक्षराने बदललेली लेबलं, खऱ्या बाटलीत पुन्हा भरलेला माल, दोन्ही प्रकार. धोका मिथेनॉलचा. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड होतं आणि ते आधी दृष्टीच्या नसेला धरतं. फसवी गोष्ट अशी की सुरुवातीला फक्त नशा चढल्यासारखी वाटते. खरी लक्षणं बहुधा १२ ते २४ तासांनी: पोटात कळा, उलट्या, धाप, डोळ्यांसमोर धुकं किंवा बर्फ पडल्यासारखं दिसणं. म्हणून सकाळी "हँगओव्हर आहे, झोपू द्या" म्हणून माणसाला एकटं सोडू नये. दिसायला अंधूक झालं की थेट मोठ्या रुग्णालयात, आणि काय प्यायलं ते स्पष्ट सांगायचं. फोमेपिझोल हे औषध किंवा इथेनॉल देऊन आणि डायलिसिस करून उपचार होतात, वेळेत पोचलं तर डोळे वाचतात. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभरावर माणसं गेली ती याच मिथेनॉलने. ते विष बघून, वास घेऊन कळत नाही.

नियम सोपा ठेवा: कैरोत बिअर आणि सीलबंद वाइन. स्पिरिट घ्यायचंच तर ओळखीच्या साखळी दुकानातून किंवा विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून. स्वस्त कॉकटेल आणि उघड्या बाटलीतले पेग टाळा.

---

पुणेकर_इन_गल्फ

धन्यवाद डॉक्टर, हे माहीत नव्हतं. मग मुंबईहूनच ड्युटी फ्री घेऊन गेलो तर?

---

हिशेबनीस

मार्ग बघून ठरवा. मुंबई-कैरो थेट विमान असेल तर अडचण नाही, सीलबंद पिशवी तशीच ठेवायची. पण जेद्दा, रियाध किंवा कुवेत मार्गे जाणारं स्वस्त तिकीट असेल तर अजिबात नेऊ नका, मग ती पिशवी सीलबंद असली तरी. बाकीच्या ठिकाणी विमान बदलताना पुन्हा सुरक्षा तपासणी होते. पिशवी फोडलेली असेल किंवा पावती आत दिसत नसेल तर बाटली काढून घेतात. कैरोला उतरल्यावरही ड्युटी फ्री आहे, पासपोर्ट दाखवून घेता येते. बाहेरून न्यायची तर माणशी एक लिटर धरा.

---

तिर्मिस_खाणारा

तारखांचा मुद्दा अजून कुणी काढला नाही. आपल्याकडचे लोक थंडीत जातात आणि रमजान सध्या नेमका थंडीत येतोय. दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या मध्यानंतर सुरू, २०२७ मध्ये ८ फेब्रुवारीच्या आसपास. त्या महिन्यात बलदी बार आणि दारूची दुकानं बंद असतात. इजिप्शियन नागरिकांना दारू देत नाहीत. परदेशी माणसाला पर्यटक हॉटेलात मिळते, पासपोर्ट मागू शकतात. म्हणजे स्वस्ताचा पर्याय पूर्ण संपतो. ज्यांना हा धागा वापरायचाय त्यांनी तिकीट काढण्याआधी कॅलेंडर बघावं. प्रेषितांचा जन्मदिन, हिजरी नववर्ष अशा दिवशीही विक्री थांबते, आपल्या ड्राय डेसारखंच. शुक्रवारी दुपारची नमाज होईपर्यंत काही उघडं असेल असं धरू नका.

कायदाही लक्षात असू द्या. १९७६ च्या ६३ क्रमांकाच्या कायद्याने हॉटेलं आणि पर्यटन परवान्याच्या जागा सोडून सार्वजनिक ठिकाणी दारू पिणं गुन्हा आहे. रस्त्यावर झिंगलेल्या अवस्थेत सापडणं हाही गुन्हा. वय २१ धरून चाला.

---

मीनल_प्रवासी

नाईलवर फलूका होडीत बिअर नेतात असं वाचलं. ते चालतं का?

---

रोहिणी_मआदी

पर्यटक नेतात, हे खरं. होडी तासाच्या भावाने ठरते, माणशी नाही, त्यामुळे सहा-आठ जणांत फार स्वस्त पडते. पण आधी नावाड्याला विचारा. काहींना दारू होडीत नको असते, आणि त्याच्या धर्माचा आणि होडीचा मान राखायचा. तो नाही म्हणाला तर दुसरी होडी बघा, घासाघीस करू नका. हो म्हणाला तर फक्त डबे न्या, काचेच्या बाटल्या नकोत. धक्क्यावर उघडू नका, होडी प्रवाहात गेल्यावरच. रिकामे डबे पिशवीत परत. तिर्मिस_खाणारा यांनी सांगितलेला कायदा तिथेही डोक्यात असू द्या, मोठ्याने गाणी-आरडाओरडा केला की पोलिसांच्या बोटीचं लक्ष जातं.

---

शिरीष_दोक्की

जेवणाचं राहिलं. बलदी बारमध्ये पोटभर काही नसतं, आणि शाकाहारी मंडळींचे तर हालच. आधी शांपोलियाँ रस्त्यावरच्या अबू तारेकमध्ये कोशरी खा: भात, मसूर, मॅकरोनी, चणे, वर तळलेला कांदा. लसूण-व्हिनेगरची 'दक्का' सढळ हाताने आणि तिखट 'शत्ता' जपून. तिथे दारू मिळत नाही. तिथून हुर्रियापर्यंत पायी सहज जाता येतं.

बिल वाचण्याबद्दलही. भाव अरबी आकड्यांत लिहिलेले असतात आणि आपली गल्लत ठरलेली. गोल वर्तुळ दिसलं की आपण शून्य वाचतो, तिथे तो पाच असतो. शून्य म्हणजे नुसता ठिपका. इंग्रजी सातासारखा दिसतो तो सहा. इंग्रजी व्ही म्हणजे सात, उलटा व्ही म्हणजे आठ. एवढे पाच लक्षात ठेवले की काम भागतं.

---

पुणेकर_इन_गल्फ

शेवटचा प्रश्न. नकाशावर कॅप दोर शोधलं तर अलेक्झांड्रियातलं येतंय?

---

नाईलकाठ

हो, दोन आहेत. अलेक्झांड्रियातलं 'शेख अली' नावानेही ओळखलं जातं, साद झगलूल रस्त्याजवळच्या गल्लीत. जुना बार, सोबत तळलेले कॅलमारी आणि मासे चांगले मिळतात. कैरोतलं शोधताना नावापुढे थरवत रस्ता टाका, किंवा अरबीत लिहिलेला पत्ता हॉटेलच्या माणसाकडून फोनवर टंकून घ्या. टॅक्सीवाल्याला लॅटिन लिपीतलं नाव दाखवून उपयोग होत नाही.